रांजण कोणी भरले?

गोंदिया जिल्ह्यातल्या शेतकरी घरात लग्नाची तारीख पंचांगाच्याही आधी धान ठरवतं. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, दिवाळीच्या आगेमागे हलक्या धानाची कापणी, मग भारी धान, मळणी, आधारभूत केंद्रावरचा काटा आणि त्यानंतर चुकाऱ्याची वाट. चुकारा, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे, कधी वेळेवर जमा होतो, कधी आठवडेच्या आठवडे लांबतो. २०२४-२५च्या हंगामात साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २,३०० रुपये होता. वीस क्विंटल विकले तर ४६,००० रुपये होतात. त्यातून खत, मजुरी आणि सोसायटीचं कर्ज वजा केलं की लग्नाची जेवणावळसुद्धा निघत नाही. हिंदू शेजाऱ्यांकडे तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, म्हणजे धान घरात येत असतानाच. ख्रिस्ती घरांना तेवढीही सोय नसते. डिसेंबरचा बराच भाग नाताळाआधीच्या आगमनकाळात जातो. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस येतात, आणि त्या काळात लग्न लावायचं बहुतेक मंडळ्या टाळतात. उरतो नाताळानंतरचा महिना-दीड महिना, नाहीतर थेट एप्रिल-मे. तेव्हा खरिपाचे पैसे संपलेले असतात, उन्हाळी धान अजून बांधीत उभं असतं, मोहफुलं आणि तेंदूपत्ता यांवर हातखर्च चाललेला असतो आणि पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. पैसा कमी, ऊन जास्त आणि पाहुणे ठरलेले, अशा दिवसांत या घरांना मांडव घालावा लागतो.

लग्न पार पडल्यावर रविवारच्या उपासनेत मुलीचा बाप किंवा आई उभी राहते आणि साक्ष देते की हे लग्न आम्ही केलं नाही, प्रभूने पार पाडलं. अशा साक्षींमधल्या गोष्टी साध्या असतात. अडकलेला चुकारा तारखेच्या दोन दिवस आधी खात्यात आला. अवकाळी पावसाचे ढग मांडवावरून पुढे सरकले. बोलणी मोडत आली होती, ती जुळली. तांदूळ कमी पडणार असं दिसत असताना कोणीतरी न मागता दोन पोती आणून टाकली. समुद्र दुभंगला असं कोणी म्हणत नाही, मेलेला उठला असंही नाही. तरी शब्द वापरतात तो चमत्कार हाच. हा शब्द इथे शोभतो का, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. माझं उत्तर आहे की शोभतो, पण एका अटीवर. ज्यांच्या हातांनी ती गोष्ट घडली ते हात साक्षीत दिसले पाहिजेत. ज्या साक्षीत देवाचं नाव येतं आणि माणसांची नावं गळतात ती मला अपुरी वाटते, आणि ती ख्रिस्ती श्रद्धेच्या मापानेच अपुरी वाटते. बाहेरच्या कोणत्या मापाची त्यासाठी गरज नाही.

हे माप लग्नाच्याच एका गोष्टीत आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात गालीलातल्या काना गावच्या लग्नाची हकिगत येते. येशूच्या चमत्कारांपैकी योहानाने पहिला मांडला तो हा. इथे कोणी आजारी नाही, कोणी आंधळा नाही. अडचण एवढीच की पंगत बसलेली असताना द्राक्षारस संपला. तीन दिवसांनी कोणाच्या लक्षातही राहणार नाही अशी ही अडचण, पण त्या घराला जन्मभर खाली मान घालायला लावणारी. गोंदियाच्या कोणत्याही गावात भात कमी पडणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला कानाच्या घराची लाज समजावून सांगावी लागत नाही. मरिया ही उणीव येशूच्या कानावर घालते. सहा दगडी रांजण तिथे असतात, प्रत्येकात दोन-तीन मापं मावतील असे. आजच्या हिशेबाने सगळे मिळून साधारण साडेचारशे ते सातशे लिटर. चाकर ते काठोकाठ भरतात. मग त्यातलं काढून भोजनकारभाऱ्याकडे नेतात, तो चाखतो आणि वराला बोलावून त्याचं कौतुक करतो. या हकिगतीतला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा तपशील योहान जाता जाता देतो: हा रस कुठून आला हे भोजनकारभाऱ्याला ठाऊक नव्हतं, पाणी काढणाऱ्या चाकरांना मात्र ठाऊक होतं. वराला माहीत नाही, पाहुण्यांना माहीत नाही, कारभाऱ्याला माहीत नाही. ज्यांच्या खांद्यांनी शेकडो लिटर पाणी वाहिलं त्यांनाच ते माहीत आहे. नळ नसलेल्या गावात एवढं पाणी म्हणजे विहिरीच्या किती खेपा, हे बायकांना विचारावं. रिकाम्या रांजणातही रस निर्माण करता आला असता. तसं झालं नाही, आधी पाणी भरावं लागलं. चमत्कारात माणसाच्या श्रमाला जागा ठेवलेली आहे, आणि त्याचं ज्ञानही श्रम करणाऱ्यालाच आधी मिळतं.

चमत्काराची नेहमीची व्याख्या याच्याशी जुळत नाही. निसर्गाच्या संपूर्ण व्यवस्थेपलीकडचं कृत्य ते चमत्कार, अशी काटेकोर रेघ तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ओढली. त्या रेघेने पाहिलं तर चुकारा वेळेवर येणं बाहेर पडतं. पण त्याच्या आठ शतकं आधी, कानाच्याच गोष्टीवर प्रवचन करताना, संत ऑगस्टीनने वेगळा मुद्दा काढला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की पाण्याचा द्राक्षारस दर वर्षी वेलींमधून होतच असतो. ढगांतलं पाणी मुळांवाटे चढून द्राक्षात उतरतं, आणि ते रोजचं म्हणून आपल्याला त्याचं नवल वाटत नाही. गोंदियात वेली नाहीत, बांध्या आहेत. वर्षाला बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या तलावांत आणि बोड्यांत साठतो, पाटांनी बांधीत येतो आणि चार महिन्यांत भात होऊन ताटात येतो. मालगुजारी गेली, तलाव ‘माजी मालगुजारी’ झाले, काही गाळाने भरले, तरी पाण्याचा भात होणं थांबलेलं नाही. ऑगस्टीनचा विचार इथे आणला तर पंगतीतली प्रत्येक पत्रावळ कानाच्या रांजणाइतकी नवलाची ठरते. त्यातही तलाव खोदणारे हात आहेतच. पावसावर कोणाची मालकी नाही, पण तो अडवणारी पाळ माणसांनी घातली.

यावर बुद्धिवादी आक्षेप घेईल आणि तो घ्यायलाच हवा. डेव्हिड ह्यूमने १७४८मध्ये मांडलं की शहाणा माणूस पुराव्याच्या वजनाइतकाच विश्वास ठेवतो, आणि निसर्गनियमाच्या बाजूला सगळ्या मानवजातीचा अनुभव असताना एखाद्याची साक्ष त्याला उलथवू शकत नाही. विसाव्या शतकात केंब्रिजचे गणिती लिटलवुड यांच्या नावाने ओळखला जाणारा हिशेब तर आणखी सोपा आहे. जागेपणी दर सेकंदाला आपल्यापुढे एक घटना घडते असं धरलं, तर महिन्याभरात दहा लाख घटना होतात. म्हणजे दहा लाखांत एक इतकी दुर्मीळ गोष्टसुद्धा प्रत्येकाला महिन्यातून एकदा भेटायलाच हवी. लग्नाच्या तयारीत तर माणूस शंभर गोष्टींकडे डोळे लावून बसलेला असतो. त्यातल्या पाच जुळल्या की त्या लक्षात राहतात, न जुळलेल्या पंचाण्णव विसरल्या जातात. हा हिशेब मला पटतो. लग्नघरातला योगायोग देवाच्या अस्तित्वाचा पुरावा आहे असं जो सांगतो त्याला ह्यूमचं उत्तर पुरेसं आहे. पण साक्ष देणारी आई पुरावा मांडत नसते. तिचा विश्वास आधीचा असतो. ती ऋण मान्य करत असते. हे आपलं कर्तृत्व नाही, आपल्याला हे मिळालं, असं ती चारचौघांत सांगते. चुकारा जमा होण्यामागे संगणक होता, अधिकारी होता, सरकारी निधी होता, हे तिला कोणी समजावलं तर ती नाही म्हणणार नाही. कारण सांगितल्याने ऋण फिटत नाही, आणि ह्यूमचा तराजू कारणांसाठी बनवलेला आहे, ऋणासाठी नाही.

आता ही न मागता आलेली तांदळाची पोती पाहू. ती कशी येतात हे गूढ नाही. जनगणनेनुसार २०११ साली साऱ्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. गोंदियासारख्या जिल्ह्यातल्या मंडळ्या तर अगदी लहान. कॅथलिक असोत की २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, एका मंडळीत सगळे सगळ्यांना ओळखतात. त्यात १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने लग्नाला गुपचूप होऊच दिलेलं नाही. पाळकाला लेखी नोटीस द्यावी लागते, ती चर्चमध्ये दिसेल अशा जागी लावली जाते, आणि लग्न सामान्यतः सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळातच लागतं. नोटीस लागली की मंडळीला कळतं, आणि प्रार्थना सभेत उणीव बोलून दाखवली की कोणाकडे काय नाही हेही कळतं. काकू भांडी देतात, कोणी बिछायत, कोणाचा भाचा ट्रॅक्टर. शेजारचं पोवाराचं किंवा गोंडाचं घर मांडवासाठी डहाळ्या तोडून आणतं, कारण त्यांच्या लेकीच्या लग्नात हे घर उभं राहिलेलं असतं. मग टीकाकार विचारतो की यात देव कुठे? हे तर माणसांचं जाळं, आणि असं जाळं कोणत्याही धर्माच्या गावात असतं. असतं, हे खरंच. आणि त्याचा अभिमान ख्रिस्ती माणसाने वाटून घ्यावा, हिरावून घेऊ नये. पोवार शेजाऱ्याने आणलेल्या डहाळीत देवाचा हात दिसतो असं ख्रिस्ती बाप म्हणतो तेव्हा त्या शेजाऱ्याचा धर्म तो बदलत नसतो, तो फक्त देवाची कृपा आपल्या मंडळीच्या कुंपणात मावत नाही हे कबूल करत असतो. हे कबूल करण्यासाठीच शेजाऱ्याचं नाव घ्यावं लागतं. नाव गाळलं की कृपा कुंपणात शिरते.

या जिल्ह्याच्या रुळांवरूनच मराठी ख्रिस्ती इतिहासातला एक मोठा योगायोग गेला आहे. १८९३च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात होते. तो रस्ता गोंदिया, आमगाव, सालेकसा या टापूतूनच जातो. डब्यात एक परदेशी मिशनरी भेटला, बोलणं झालं, त्याने नवा करार हाती दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. डब्यात निसर्गाचा कोणताही नियम मोडला नाही, दोन प्रवासी समोरासमोर बसले एवढंच. टिळकांना आणि पुढच्या मराठी ख्रिस्ती समाजाला ती कृपा वाटली, आणि मराठी कवितेला जे मिळालं ते पाहता मलाही वाटते. पण त्याच कृपेने एक लग्न मोडायला आलं होतं. लक्ष्मीबाईंना नवऱ्याच्या धर्मांतराचा धक्का बसला. सुमारे पाच वर्षं दोघं वेगळी राहिली, लहान मूल त्यांच्या पदरात होतं. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने, नवऱ्याच्या हुकमाने नव्हे. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला टिळकांच्या देवभोळ्या उदारपणामागे चूल पेटती ठेवणारं माणूस कोण होतं हे पानोपानी दिसतं. रेल्वेतल्या भेटीला ईश्वरी योजना म्हणणाऱ्याने त्या योजनेची किंमत कोणी भरली हेही सांगितलं पाहिजे. लक्ष्मीबाईंनी ते स्वतः लिहिलं म्हणून आपल्याला कळलं. गावोगावच्या साक्षींमध्ये अशी बाजू लिहिणारं कोणी नसतं. लग्न प्रभूने पार पाडलं म्हणताना घरातल्या मोठ्या मुलीने शाळा सोडून चार महिने कामं ओढली असतील, तर तिचं नाव साक्षीत यायला हवं.

सर्वात कठीण आक्षेप अविश्वासूचा नाही, त्याच मंडळीतल्या दुसऱ्या घराचा आहे. या घरावरून ढग पुढे सरकले, तर ते कोणाच्या तरी मांडवावर गेले. या घराचा चुकारा आला, शेजारच्या बाकावर बसलेल्या घराचा आला नाही, लग्न पुढे ढकलावं लागलं किंवा मोडलं. प्रार्थना त्यांनीही केली होती, उपवास त्यांनीही धरला होता. त्यांनी ही साक्ष कशी ऐकायची? काही उपदेशक सांगतात की त्यांचा विश्वास उणा पडला. हे उत्तर क्रूर तर आहेच, पण बायबललाही धरून नाही. इयोबाच्या मित्रांनी हेच म्हटलं होतं, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या मध्यभागी असलेला क्रूस ही तर नाकारली गेलेली प्रार्थना आहे. गेथशेमाने बागेत जो प्याला टळावा म्हणून विनवणी झाली तो टळला नाही. तेव्हा मिळालं म्हणजे विश्वास पक्का आणि न मिळालं म्हणजे कच्चा, हे समीकरण ज्याने मांडलं त्याने क्रूस बाजूला ठेवला. या आक्षेपाला पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही, आणि कोणा ईश्वरशास्त्रज्ञाने ते दिलेलं मला मान्य झालेलं नाही. पण साक्ष कशी असावी याबद्दल मात्र त्यातून काहीतरी निघतं. ज्या घराला मिळालं त्याने उरलेलं धान्य कुठे नेलं, हा साक्षीचाच भाग झाला पाहिजे. रानात पाच भाकरींवर पाच हजार जेवल्याची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे, आणि चारही जण उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्याचं नोंदवतात. एक घर जेवून टोपल्या घरीच ठेवत असेल, तर दुसऱ्या घराने चमत्कारावर शंका घ्यायला त्याचा विश्वास कमी असण्याची गरज नाही.

या विषयात मला राग येतो तो एकाच जागी. चमत्काराची भाषा कर्ज काढायला वापरली जाते तेव्हा. ‘विश्वासाने पाऊल टाका, प्रभू पुरवील’ असं ऐकून लोक बचत गटाकडून, मग फायनान्सवाल्याकडून, मग सावकाराकडून पैसे उचलतात. लग्न दणक्यात होतं, साक्ष होते, आणि आठवड्याचा हप्ता पुढची तीन-चार वर्षं रोवणीच्या मजुरीतून कापला जातो. तो हप्ता प्रभूने भरला अशी साक्ष मग होत नाही, कारण तो आई आणि वहिनी भरत असतात. कोणी उपदेशक अशा लग्नासाठी ‘बियाण्याचं दान’ म्हणून पैसे मागत असेल तर ते पापच आहे, आणि प्रसंगी गुन्हाही. २०१३च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने तथाकथित चमत्कारांचा प्रयोग करून पैसे मिळवणं आणि लोकांना फसवणं शिक्षापात्र केलं. त्याच कायद्याने शारीरिक इजा वा आर्थिक नुकसान होत नाही तिथे संतांच्या चमत्कारांचं कथन वगळलं. काही ख्रिस्ती मंडळींना या कायद्याची भीती वाटते. मला त्यातलं माप योग्य वाटतं. कोणाच्या खिशातून काय गेलं हा प्रश्न कायद्याआधी मंडळीनेच विचारायला हवा.

प्रार्थनेवर जगणं आणि हिशेब ठेवणं या दोन गोष्टींचं वैर नाही, हे एकोणिसाव्या शतकात दोघांनी दाखवून दिलं आहे. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरने हजारो अनाथ मुलं वाढवली, कोणाकडे पैसे मागायचे नाहीत, फक्त प्रार्थना करायची, असा नेम ठेवून. पण आलेल्या प्रत्येक देणगीची नोंद ठेवून वर्षाचा अहवालही त्याने छापला. पंडिता रमाबाईंनी त्याच्याबद्दल वाचलं होतं, आणि १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन भुकेल्या मुली आणि विधवा घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना होती, आणि त्याबरोबर विहिरी होत्या, शेत होतं, छापखाना होता, मुलींच्या हातांना शिकवलेले उद्योग होते. आजचा गोंदिया जिल्हा ज्या भंडारा जिल्ह्यातून १९९९मध्ये वेगळा झाला, तो भंडारा त्या वेळी मध्य प्रांतातच होता. इथल्या मंडळ्यांना हा वारसा परका नाही.

म्हणून एक साधा बदल मी सुचवतो, आणि तो करणं प्रत्येक मंडळीच्या हातात आहे. लग्नानंतरच्या साक्षीत काय मिळालं याबरोबर कोणाकडून मिळालं आणि काय फेडायचं राहिलं तेही वाचावं. तांदूळ अमुक घराचा, डहाळ्या तमुक शेजाऱ्यांच्या, रात्रभर भात शिजवणाऱ्या बायका या, बचत गटाचे इतके बाकी. काहींना हे उपासनेत बाजाराचा हिशेब आणल्यासारखं वाटेल. देवाच्या गौरवातला वाटा माणसांना दिल्यासारखंही वाटेल. पण मोशेच्या निवासमंडपासाठी किती सोनं, किती चांदी, किती पितळ आलं याचा हिशेब निर्गमाच्या पुस्तकात आहे, आणि त्यासाठी सूत कातणारी माणसं बायका होत्या हेही तिथे नोंदलेलं आहे. बाकीचा आकडा वाचला गेला की मंडळीपुढे पुढचं काम आपोआप येतं. ज्यांनी प्रार्थनेत तांदूळ मागितला तेच लोक हप्त्यासाठीही एकत्र बसू शकतात, आणि पुढच्या घराच्या लग्नात जेवणावळ दोनशे पानांची करायची की पाचशेची, हा निर्णय एकट्या बापाच्या अब्रूवर सोडावा लागत नाही.